भुतांचा मानपान

डेन्मार्क-नॉर्वेकडच्या जुन्या शेतघरांत माणसांखेरीज आणखी एकजण राहायचा. त्याचं नाव निस्से. हातभर उंची, राखाडी अंगरखा, लाल टोपी, दाढी; मुक्काम गोठ्याच्या माळ्यावर. गुरांना चारा घालणं, घोड्यांना खरारा करणं, घरादारावर नजर ठेवणं ही त्याची कामं. मोठी बिदागी नाताळच्या रात्री: वाडगाभर दुधातली लापशी आणि वर लोण्याचा गोळा. एका घरातल्या मुलीला लहर आली. तिने लोणी आधी वाडग्यात घातलं आणि लापशी वरून ओतली. निस्से आला, वाडग्यात डोकावला, लोणी दिसेना. एक अक्षर न बोलता तो गोठ्यात गेला आणि घरातली सगळ्यात दुभती गाय त्याने मारून टाकली. मग भूक लागली म्हणून परत येऊन लापशी खायला बसला, तर तळाशी लोणी.

आता आली पंचाईत. एका पाठभेदानुसार निस्से मनातून शरमला, रातोरात चालत दुसऱ्या गावी गेला, तिथल्या एका गोठ्यातून अगदी तशीच, त्याच रंगाची गाय सोडवून आणली आणि मेलेल्या गाईच्या जागी बांधली. हिशेब चुकता. ज्याची गाय गेली त्या शेतकऱ्याकडे सकाळी काय गहजब झाला असेल, याच्याशी गोष्टीला काही देणंघेणं नाही.

मला हा निस्से फार ओळखीचा वाटतो. लग्नघरात असा एक काका असतोच. मांडव, आचारी, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं एकहाती बघतो आणि आहेराच्या वेळी आपलं नाव उशिरा पुकारलं म्हणून भरल्या पंगतीतून उठून जातो. त्याला दुष्ट कोण म्हणेल? तो मानकरी आहे, एवढंच. युरोपातल्या लोककथा वाचत गेलं की लक्षात येतं, तिथली निम्मी भुतंखेतं याच गोत्रातली आहेत. जर्मनीतला कोबोल्ड, स्कॉटलंडातला ब्राउनी, रशियातला दोमोवोय, सगळे एकमेकांचे चुलतभाऊ शोभावेत असे. त्यांच्याशी लढायची कोणाची छाती नव्हती आणि गरजही नव्हती. काही बिनसलं, तर आपल्याकडून काय राहिलं ते आठवायचं.

हे मानकरी विसाव्या शतकात अमेरिकेत पोचले आणि तिथे त्यांना आकडे चिकटले.

१९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. एका खोक्यात तीन पुस्तिका. पहिली आवृत्ती हजार खोक्यांची. कल्पना अशी की प्रत्येक खेळाडूने एकेक पात्र व्हायचं, एकाने ‘डन्जन मास्टर’ होऊन बाकी सगळं जग सांभाळायचं, आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासे टाकायचे. दोघेही मुळात युद्धाचे खेळ खेळणारे, टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया करणारे. पात्र किंवा राक्षस किती मार सोसू शकतो ते मोजायला त्यांनी ‘हिट पॉइंट्स’, थोडक्यात एचपी, आणले. ही युक्ती आपण अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या खेळातून उचलली, असं आर्नेसन सांगत. म्हणजे आज ज्या मापाने ड्रॅगन मोजतात ते माप मुळात बोटीचं. किती गोळे लागले की बुडते, त्याचा हिशेब.

माप एकदा हातात आलं की माणूस काय काय मोजेल याला सुमार नाही. २०१४ सालच्या राक्षसकोशात प्रौढ लाल ड्रॅगनला २५६ हिट पॉइंट आहेत, ट्रोलला ८४, आणि कोबोल्डला पाच. पाच! हा आकडा वाचून मला कोबोल्डच्या वतीने राग आला. ग्रिम बंधूंनी जर्मन दंतकथांच्या संग्रहात हिन्झेलमान नावाच्या एका कोबोल्डची हकिकत दिली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो हुडेम्यूलेनच्या गढीत राहत असे. डोळ्यांना दिसत नसे, पण बोलत असे, स्वयंपाकघरातली भांडी घासून लख्ख करत असे, आळशी नोकरांना धाकात ठेवत असे. धन्याच्या टेबलाशी त्याला स्वतःची खुर्ची होती आणि त्याच्यासाठी गोड दुधात पावाचा चुरा कालवून ठेवावा लागे. असा हा घरंदाज गृहस्थ खेळात आला तो बुटक्या, खवल्याखवल्यांच्या अंगाच्या, टोळीने अंगावर येणाऱ्या प्राण्याच्या रूपात. नवशिक्या खेळाडूंनी हात साफ करायला पहिला बळी कोण, तर कोबोल्ड.

ट्रोलची कथा निराळी. नॉर्डिक ट्रोल उन्हात सापडला की दगड होतो; आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वीक गावाजवळ समुद्रात उभे असलेले काळे सुळके म्हणजे जहाज ओढून आणताना पहाटेने गाठलेले ट्रोल, असं तिकडचे लोक सांगतात. खेळातल्या ट्रोलला मात्र उन्हाचं काही वाटत नाही. त्याच्या जखमा आपोआप भरून येतात आणि त्याला आग किंवा ॲसिडच लागतं. हा गुण ना एड्डा या जुन्या नॉर्स ग्रंथातला, ना आजीच्या गोष्टीतला. तो पोल अँडरसन या लेखकाच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ कादंबरीतल्या ट्रोलकडून आला. आउलबेअर नावाच्या घुबडतोंड्या अस्वलाला तर एवढीही वंशावळ नाही. गायगॅक्स यांनी हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांच्या पाकिटातून त्याला जन्माला घातलं. मला हे मनापासून आवडतं. राक्षस शेवटी कुठून तरी येणारच. कोणी नदीतून येतो, कोणी पाकिटातून.

माझी भाची आणि तिची मित्रमंडळी रविवारी आमच्याकडे हा खेळ खेळतात. आमचं जेवणाचं टेबल मोठं आहे आणि मी न मागता चहा करते, या दोन कारणांनी घराची निवड झाली आहे. झाडताना सोफ्याखाली वीस पैलूंचे फासे सापडतात. एकदा त्यांच्यातला एकजण आला नाही, तेव्हा त्याचा बुटका योद्धा माझ्या गळ्यात पडला. कुऱ्हाड, ढाल, दाढी, सगळं आयतं मिळालं. आम्ही एका दगडी पुलापाशी पोचलो आणि पुलाखालून ट्रोल निघाला.

“मावशी, इनिशिएटिव्ह रोल कर.”

“म्हणजे?”

“आधी कोण मारणार ते ठरवायचं.”

“पण त्याला काय हवंय ते कोणी विचारलंय का?”

टेबल शांत झालं. डन्जन मास्टर झालेला मुलगा एरवी फार हजरजबाबी, पण त्याने आपल्या पडद्यामागची पानं उलटायला सुरुवात केली. ट्रोलला काय हवंय हे त्याच्या कागदावर नव्हतं. थोडा वेळ खाली बघून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “तुमच्या बैलगाड्यांच्या खडखडाटाने माझी झोप होत नाही.”

पोरं हसली. पण त्याने जे सुचेल ते ठोकून दिलं ते अस्सल होतं, हे त्याला ठाऊक नसावं. स्कँडिनेव्हियातल्या ट्रोलांची माणसांविरुद्धची मोठी तक्रार आवाजाचीच आहे. गावात चर्च बांधलं, घंटा वाजायला लागल्या, आणि ट्रोल वैतागून कुटुंबकबिल्यासह डोंगरात निघून गेले, अशा कथा तिकडे ठिकठिकाणी आहेत. गावात राहून पोरांचे डीजे ऐकलेल्या कोणालाही त्यांची बाजू पटावी. पुढचा अर्धा तास आम्ही पुलावर पेंढा अंथरण्यात घालवला. ट्रोलने आम्हाला जाऊ दिलं, वर पलीकडच्या वाटेवर दरोडेखोर आहेत असंही सांगितलं. मग न मारल्याबद्दल एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळणार की नाही, यावर मुलांचं जोरदार भांडण झालं.

गायगॅक्स-आर्नेसन यांच्यावर अन्याय नको. १९७४च्या त्या पुस्तिकांत एक छोटा तक्ता आहे: समोर आलेला प्राणी तुमच्याशी कसा वागेल हे दोन फासे टाकून ठरवायचं. मोठा आकडा पडला तर तो चक्क स्नेहानेही वागू शकतो. सगळेच दिसता क्षणी अंगावर येत नाहीत, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. पण पुस्तकात तक्ता एक आणि हत्यारांची यादी लांबलचक असली, की वाचणारा कुठे बोट ठेवणार?

लोककथेत हा तक्ता म्हणजेच सगळा ग्रंथ असतो. बाबा यागाचं बघा. माझ्या पिढीला ती खेळातून नव्हे, मॉस्कोहून छापून आलेल्या मराठी पुस्तकांतून भेटली. प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची ती गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तकं लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांत आणि प्रदर्शनांत नगण्य किमतीला मिळायची. कोंबडीच्या पायांवर उभी झोपडी, उखळात बसून मुसळाने वल्हवत येणारी म्हातारी, कुंपणाला माणसांची हाडं. अलेक्सांद्र अफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात रशियन लोककथांचे भाग छापले, त्यांत ती ठाण मांडून बसली आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्येही ती झोपडी फार लवकर पोचली, अर्थात मौल्यवान वस्तू म्हणून, लुटायला.

गोष्टीत मात्र तिथे टिकून राहायला शिष्टाचार लागतो. वासिलिसा नावाची पोर विस्तव मागायला तिच्याकडे जाते. म्हातारी डोंगराएवढी कामं सांगते. आईने दिलेली बाहुली ती उरकून टाकते, मात्र तिलाही आधी घास भरवावा लागतो. मग म्हातारी म्हणते, विचार काय विचारायचं ते. वासिलिसा वाटेत दिसलेल्या तीन घोडेस्वारांबद्दल विचारते: पांढरा, तांबडा, काळा. म्हातारी सांगते, तो माझा दिवस, तो माझा सूर्य, ती माझी रात्र. आणखी विचार ना! वासिलिसा म्हणते, पुरे. आणि म्हातारी खूश होते, कारण पोरीने घराबाहेरचंच विचारलं, घरातलं नाही. घरातली लक्तरं वेशीवर टांगलेली तिला खपत नाहीत. आमच्या आळीतल्या निम्म्या सासवांना हे सूत्र तोंडपाठ होतं.

राजपुत्र इव्हान गेला तर त्याचा आणखी वेगळा थाट. म्हातारी दारातच उलटतपासणी सुरू करते, कोण, कुठला, कशाला आलास. तो उलट तिलाच झापतो: आलेल्याला आधी खायला-प्यायला घालावं, न्हाऊ घालावं, मग चौकशा कराव्यात, हे कळत नाही का? आणि माणसं खाणारी ती बाई ओशाळून पानं घेते. आतिथ्याच्या नियमापुढे तिचे दातही बोथट. या प्रसंगाला फासे टाकायचे झाले तर कोणते टाकणार, मला सांगा.

ही गोष्ट कोणा गेमवाल्याच्या लक्षात आली नाही असं नाही. स्वीडनमधल्या फ्री लीग या प्रकाशनाने २०२० साली ‘वेसेन’ नावाचा खेळ इंग्रजीत आणला. लेखक निल्स हिन्ट्झे. आधार योहान एगरक्रान्स या चित्रकाराच्या नॉर्डिक भुताखेतांवरच्या पुस्तकाचा. काळ एकोणिसाव्या शतकातला, गावंच्या गावं शहराकडे निघालेली, कारखान्यांचे भोंगे वाजू लागलेले. खेळाडू उप्सालामधल्या एका जुन्या मंडळाचे सभासद, ज्यांना इतरांना न दिसणारं दिसतं. आणि इथे तलवारीने जवळपास काहीच निभावत नाही. गोळी घातली तरी ते जीव परत येतात. खरं काम चौकशीचं. हा तळ्यातला घोडा अचानक पोरांना का ओढायला लागला, गिरणीतला म्हातारा का रुसला, कोणी कोणता जुना शब्द मोडला, हे शोधायचं आणि मग त्या त्या जीवाचा जो विधी असेल तो करायचा. बऱ्याचदा शेवटी गुन्हेगार गावातला एखादा प्रतिष्ठित माणूसच निघतो.

गोवा-कोकणातल्या माणसाला हा खेळ शिकवावा लागणार नाही. राखणदाराला वर्षाची राखण दिली नाही, गाऱ्हाणं घालायचं राहिलं, आणि मग गुरं आजारी पडायला लागली, ही त्याच्याकडे गोष्ट नव्हे, शेजारच्या वाडीतली बातमी असते. फरक आहे तो बिदागीत. ब्राउनीला किंवा निस्सेला कोणी प्रेमाने नवे कपडे दिले की तो घर सोडून जातो. ग्रिमांच्या मोच्याकडे रात्री जोडे शिवून देणारे बुटके आठवतात ना? कपडे मिळाले, नाचले, आणि पुन्हा फिरकले नाहीत. गोव्यात वेताळाला वहाणा वाहतात, त्या चांगल्या मोठ्या, कारण रात्रभर गावाभोवती फिरून जुन्या झिजलेल्या असतात. तो त्या पायांत घालून पुन्हा गस्तीला निघतो. एकाने पोशाख मिळाला की राजीनामा द्यायचा आणि दुसऱ्याने तो कामावर घालून जायचा, यात कोकणी-युरोपीय स्वभावभेद शोधण्याचा मोह मी आवरते.

या मानापमानाला भीतीची बाजू होती, तीही खरी. ग्रिमांच्या एका छोट्या गोष्टीत परीलोकांनी बाळ पळवून जागी बदली मूल ठेवलेलं असतं. आई अंड्याच्या कवचांत पाणी उकळायला ठेवते, ते बघून तो शेकडो वर्षांचा म्हातारा ‘बाळ’ खो खो हसतो आणि पकडला जातो. वाचायला किती गोड. पण १८९५ साली आयर्लंडमधल्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण बाईला तिच्या नवऱ्याने, ही माझी बायकोच नव्हे, परीलोकांनी बदललेली आहे, असं म्हणत जाळलं. तिथे कोणाला हसू आलं नाही. त्यामुळे भुतांना पाच एचपी देऊन कागदावर उतरवलं याचा मला राग येतो तसं अधूनमधून बरंही वाटतं. खेळ आटपला की ते फाइलमध्ये जातं, आणि घरच्या कोणाकडे संशयाने बघावं लागत नाही.

आणि मूळ, अस्सल, शुद्ध लोककथा तरी कुठे जपून ठेवलेली होती? ग्रिम बंधूंच्या १८१२च्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडायचा हट्ट धरते ती सख्खी आई. १८४०च्या आवृत्तीपर्यंत ती सावत्र झाली. कोणा घरच्या आईला ते बघवलं नसणार. एलियास ल्योन्रोट नावाचा फिनलंडमधला डॉक्टर खेडोपाडी फिरून गाणी टिपत राहिला आणि ती स्वतःच्या हाताने सांधून त्याने १८३५ साली ‘कालेवाला’ छापली, पुढे १८४९मध्ये पन्नास सर्गांपर्यंत वाढवली. टोलकिनने एड्डातल्या बुटक्यांच्या यादीतून थोरिन आणि गँडाल्फ ही नावं उचलली, त्यातला गँडाल्फ बुटका राहिला नाही. ज्याच्या हाती गोष्ट आली त्याने तिच्यात हात घातला. मग लेक जिनिव्हातल्या दोघांना एकट्यांना कशाला बोल लावायचा?

माझं भांडण आहे ते पोलिश लेखक आंद्जेय सापकोव्स्की यांच्याशी, आणि तेही प्रेमाचं. क्राकोच्या वावेल टेकडीखालच्या गुहेत एक ड्रॅगन राहायचा. सरदारांनी हात टेकले. मग एका मोचीच्या पोराने मेंढीच्या कातड्यात गंधक भरलं, ती गुहेच्या तोंडाशी ठेवली. ड्रॅगनने ती गिळली, पोटात आग पडली, तो व्हिस्तुला नदीवर जाऊन पाणी प्यायला, प्यायला, आणि फुटला. आज तिथे ड्रॅगनचा धातूचा पुतळा ठरावीक वेळाने तोंडातून खरी ज्वाळा सोडतो आणि पोरं किंचाळतात. सापकोव्स्की यांनी या मोच्यावर आक्षेप घेतला: मोची जोडे शिवतो, तो राक्षस कसले मारणार? त्यासाठी धंदेवाईक माणूस हवा, पैसे घेऊन काम करणारा. त्यातून १९८६ साली पोलंडच्या ‘फान्तास्तिका’ मासिकात विचर जन्मला, पुढे त्याच्या कादंबऱ्या झाल्या, व्हिडिओ गेम झाले आणि पोलंडची त्यावर इतकी भिस्त बसली की २०११ साली पंतप्रधानांनी ओबामांना भेट दिलेल्या वस्तूंत विचरचा एक गेमही होता.

पण माझं मत मोच्याला. टेबलाभोवती बसलेली पोरं मी बघते, त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं योद्धा, पण बुद्धी असते ती मोच्याची. नॉर्वेच्या गोष्टीतला राखेत लोळणारा धाकटा अस्केलाद याच जातीचा. ट्रोलबरोबर जेवणाची पैज लावतो, शर्टाखाली पिशवी बांधून लापशी तीत ओतत राहतो, मग सुरीने पिशवी फाडून म्हणतो, बघ, असं केलं की पोटात पुन्हा जागा होते, दुखत अजिबात नाही. ट्रोल त्याचं ऐकतो. पुढचं सांगायला नको. अस्केलाद कुठल्याही नियमपुस्तकात बसत नाही, आणि नियमपुस्तक घेऊन बसलेली पोरं घटकाभरात अस्केलाद होतात.

परवाच त्यांना त्यांच्या मोहिमेतला लाल ड्रॅगन भेटला. मी मोच्याची गोष्ट तोंडातून काढायला नको होती असं डन्जन मास्टरचं म्हणणं आहे. कारण त्यानंतर कोणी तलवारीला हात लावला नाही. गंधक कुठे मिळेल? वैद्याकडे. किती आहे? त्याने फासा टाकला: दीड शेर. ड्रॅगनला पुरेल? त्याच्या वजनावर अवलंबून आहे. वजन किती? पुस्तकात नाही. मग भाचीने मेंढी विकत घ्यायला काढली, मेंढपाळ अडून बसला, ही गाभण आहे म्हणाला. दुसरीने सुचवलं, भाड्याने घेऊ. परत कुठून देणार, असं तिसऱ्याने विचारलं. मी चहा टाकायला उठले तेव्हा भाव सात नाण्यांवर आला होता आणि ड्रॅगन आपले २५६ एचपी घेऊन बाहेर ताटकळत होता.